पेशीत ठिपका नव्हता

परभणी, मुलींचं वसतिगृह
२६ नोव्हेंबर १९८९

चांगुणा मावशी,

सुरुवातीला 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. माझ्या साखरपुड्यात तुझ्या हातातला कुंकवाचा करंडा मीच काढून घेतला, आणि आता तुलाच तीर्थस्वरूप म्हणायचं, हे माझं मलाच कसंतरी वाटलं. म्हणून नुसतं मावशी.

तू बोरीला आमच्या घरी आलीस ते मला आवडलं होतं. खरंच. येलदरीच्या वीजकेंद्रावरच्या लोकांचे डबे एक दिवस बंद ठेवलेस, जिंतूरला गाडी बदललीस, माझ्यासाठी खण आणि नारळ आणलास. पण तू ओटी भरायला पुढं झालीस आणि झरीच्या सासरच्या मंडळींतल्या बन्सीधरच्या आत्याबाईंनी आईकडे वळून बघितलं. मूलबाळ नसलेली, नवऱ्यानं परत पाठवलेली बाई नवरीची ओटी भरतेय, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. आत्याबाई तोंडानं एक शब्द बोलल्या नाहीत. बोलले मी. ''मावशी, तू राहू दे,'' असं म्हणून करंडा घेतला.

तू न जेवता संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. आई म्हणाली, ''तिला सवय हाय.'' मी ते ऐकून घेतलं आणि झरीच्या बायकांना शेवयाची खीर वाढत राहिले. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणते. माफ कर.

बाकी इकडं ठीक. निवडणुकीचे भोंगे एकदाचे थांबले, त्यामुळे अभ्यास होतोय. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. आमच्या मानवतकर मॅडम पुण्याहून शिकून आल्यात, त्या पेशींवर काम करतात आणि आम्हालाही दिवसभर सूक्ष्मदर्शकापुढं बसवतात. लग्न माघात धरलंय. बन्सीधर झरीच्या शाळेत मास्तर आहेत हे तुला माहीतच आहे. स्वभावानं गरीब आहेत.

एक विचारायचं होतं. आमच्या अभ्यासात घराण्याची माहिती लागते, कुणाला काय आजार, कुणाला किती मुलं, असं. तर सहज म्हणून विचारते. तुला सासरी असताना जिंतूरच्या दवाखान्यात नेलं होतं म्हणे. तिथल्या डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं होतं? तुला न्हाण कधी आलं? आलं होतं का? आजीच्या बहिणींत कुणी तुझ्यासारखं होतं का? घाई काही नाही. पण लवकर कळव.

तुझी भाची,
मनकर्णा


परभणी
१० डिसेंबर १९८९

मावशी,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असते तर ते पत्र चुलीत घातलं असतं आणि त्यावर चहा करून प्यायले असते.

अभ्यासासाठी विचारते, हे खोटं होतं. निम्मं खोटं म्हण. सुरुवात अभ्यासातूनच झाली.

साखरपुड्यानंतर आठवडाभरानं मॅडमनी एक प्रात्यक्षिक घेतलं. चपट्या लाकडी काडीनं आपापल्या गालाच्या आतून हलकं खरवडायचं, ते काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तुला कळेल असं सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं म्हणून बारीक धागे असतात, आईबापाकडून जे काही येतं ते त्यांतून येतं. बाईच्या पेशीत एक्स नावाचे दोन धागे असतात. त्यांतला एक कामाचा. दुसरा गोळा होऊन पेशीच्या केंद्राच्या कडेला पडून राहतो, आणि रंग दिला की त्याचा काळा ठिपका दिसतो. पुरुषाकडं एक्स एकच, म्हणून त्याच्यात ठिपका नाही. वर्गातली मुलं म्हणत होती, आमचा सगळा माल कामाचा आहे, फुकट बसून खाणारा कोणी नाही. आम्ही पोरी त्यांच्या अंगावर काड्या फेकत होतो.

माझी खोलीतली मैत्रीण सुमन, तिला पहिल्याच नजरेत ठिपका दिसला. मी शोधत बसले. एक पेशी, दुसरी पेशी, काचेचं हे टोक, ते टोक. रंग लागला नसेल म्हणून दुसरी काच केली. तिच्यातही नाही. मॅडम माझ्या बाकाकडं यायला लागल्या तेव्हा मी काय केलं सांगू? सुमनची काच उचलली, माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि म्हणाले, ''हा बघा, मॅडम.''

त्यांनी बघितलं, मान हलवली, पुढं गेल्या. पण माझा हात त्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मला थांबवून घेतलं. गाल परत खरवडला, रंग स्वतः दिला, स्वतः बघितलं. लय वेळ बघितलं. पेशीत ठिपका नव्हता.

मी त्यांच्यासमोर आश्चर्य वाटल्यासारखं तोंड केलं. पण मावशी, मला कुठंतरी आधीपासून माहीत होतं. तुलाही माहीत आहे. नसतं तर माझ्या न्हाणाच्या वेळी तू माझ्याकडं तशी बघत उभी राहिली नसतीस.

मला न्हाण कधी आलंच नाही. मी अकरावीत गेले तरी गल्लीतल्या बायका विचारायच्या, ''नर्मदाबाई, पोरगी अजून न्हाली न्हाई का?'' आईनं चार महिने दम धरला आणि एक दिवस सगळ्यांना सांगून टाकलं की न्हाली. मखर बांधलं, हिरवी साडी नेसवली, केळीचे खांब आणले. मी मखरात बसून पेढे खाल्ले. तेव्हापासून दर महिन्याला चार दिवस मी ओसरीच्या टोकाला पोत्यावर बसते. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कुणी शिवायचं नाही. तारीख आई ठरवते. सणवार बघून ठरवते, म्हणून बायका म्हणतात, मनकर्णा लय पुण्यवान, गौरीला कधी अडचण येत नाही. एकदा मला बसल्याबसल्या हसू फुटलं, तर आईनं येऊन थोबाडीत मारली, आणि मला शिवली म्हणून स्वतः डोक्यावरून आंघोळ केली. कुणी बघत नव्हतं तरी केली.

बाप असून आबांना यातलं काही माहीत नाही. त्या चार दिवसांत ते माझ्या आंघोळीचं पाणी शेंदून देतात, मी घागरीला शिवायचं नाही ना. कामाला जायच्या आधी शेंदून ठेवतात आणि हाक मारून सांगतात. त्यांच्या पाण्यानं मी इतकी वर्षं खोटी आंघोळ केली.

इथं वसतिगृहातही मी ते चालूच ठेवलंय. दर महिन्याला सुमनकडून कापूस मागून घेते आणि कागदात गुंडाळून फेकून देते. इतक्या खोट्यापणाची मला सवय झाली होती, की ते खोटं आहे हेच विसरले होते. त्या काचेनं आठवण करून दिली.

मला फक्त तुझ्याकडून कळायला हवं. तूही अशीच आहेस का? लाज वाटते विचारायला. ज्या कारणासाठी तुला ओटीपासून दूर केलं, त्याच कारणासाठी तुझ्याकडं येतेय.

मनकर्णा


परभणी
३१ डिसेंबर १९८९

मावशी,

तुझं कार्ड मिळालं. उघड्या कार्डावर लिहिलंस! वसतिगृहाच्या शिपायानं वाचलं असेल या भीतीनं दोन दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली. मग लक्षात आलं, तुला लपवायचं नाही म्हणून तू कार्डावर लिहिलंस. ते पाठ झालंय मला. ''पोरी कामून उकरायलीस. डाक्टर म्हणला आत पिशवीच न्हाई. मला न्हाण आलं न्हाई. माझ्या मायनं लपवलं आन् माझी सासू मला दवाखान्यात घेऊन गेली तवा उघडं पडलं. तुझ्या मायला सगळं मालूम हाय. आता इचारू नको.''

विचारत नाही. सांगते.

मॅडमनी माझ्या हातातून रक्त काढलं. त्यात एक औषध टाकतात, राजम्याच्या दाण्यापासून काढलेलं. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढू लागतात. अंगाला असते तेवढी ऊब तीन दिवस द्यावी लागते. परभणीत लाईट तीन तास टिकत नाही, तिथं तीन दिवस कुठली टिकायला? मग मॅडमनी घरून गोधडी आणली, बाटली त्यात गुंडाळली आणि गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसल्या. स्वतःचं लेकरू आजारी पडल्यासारखं. शेवटी त्या पेशी थंड काचेवर उंचावरून थेंब थेंब टाकतात. त्या फुटतात आणि आतली गुणसूत्रं मोकळी पसरतात. मॅडमनी मोजली, मलाही मोजायला लावली. संख्या बरोबर भरली. एक्स मात्र एकच होता. त्याच्या जोडीला वाय होता. वाय पुरुषाचा असतो, मावशी.

मॅडमनी दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाल्या, पोटात जिथं बाईचे बीजकोष असायचे तिथं तुझ्यात दुसऱ्या गाठी आहेत. त्या पुरुषाचा रस रक्तात सोडतात. पण तो रस ओळखायला पेशीत जो घटक लागतो, तो तुझ्यात मुळात बिघडलेला आहे. रस येतो, पेशी त्याचं ऐकतच नाहीत. म्हणून तू आईच्या पोटात मुलगी म्हणून घडलीस. ''तू मुलगी आहेस. होतीस आणि राहशील. काचेवर काही दिसो,'' असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी रडायला लागले.

हा बिघाड ज्या जीनमध्ये असतो तो अमेरिकेत गेल्याच वर्षी हाती लागलाय. एक्सवर आहे तो. ते मासिक मॅडमकडं आलंय, त्यांनी मला वाचायला दिलं. म्हणजे तो आजीकडून तुझ्याकडं आला आणि आईकडं आला. आईचा दुसरा एक्स चांगला, म्हणून तिचं काही अडलं नाही. तिच्याकडून माझ्याकडं आला. त्या गाठी वय वाढलं की बिघडू शकतात, तपासून काढाव्या लागतात. हे तुझ्यासाठीही आहे. मॅडम म्हणाल्यात, मावशीला घेऊन ये.

आई गेल्या रविवारी आली होती. मी सगळं सांगितलं. ती माझ्या पलंगावर बसून लग्नातल्या साडीला फॉल लावत होती, तिचा हात थांबला नाही.

''मला काय शिकवायलीस? चांगुणाचं वाटोळं झालं ते कळलं म्हणून झालं. न्हाई कळलं असतं तर नांदली असती. लेकरू न होणाऱ्या बाया नांदत न्हाईत का? दवाखाने करत्यात, नवस करत्यात, दिराचं पोरगं मांडीवर घेत्यात. दोष त्यांचा हाय का नवऱ्याचा, कुणाला मालूम होतंय? तू तोंड उघडू नको म्हंजे झालं.''

''आणि दर महिन्याला?''

''बसत आलीस तशी बस की. तुला काय नवीन हाय का?''

तिचा राग आला नाही. तिनं एका बहिणीचा संसार बुडताना बघितला आणि तेवढंच शिकली. मी काय शिकले? मी सुमनची काच सरकवायला शिकले.

एक मागते. तू झरीला जाऊन बन्सीधरना सांगशील का? तुला आता घाबरण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून म्हणते. हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं आणि कान तापले. पण खोडत नाही, कारण माझ्या मनात तेच आहे.

मनकर्णा


परभणी
१८ जानेवारी १९९०

मावशी,

या वेळी कार्डावर एकच ओळ. ''माझं मी सांगितलं न्हवतं, दुसऱ्यांनी सांगितलं, तुझं तू सांग.''

सांगितलं.

बन्सीधर संक्रांतीचा तिळगूळ आणि त्यांच्या शेतातला हुरडा घेऊन आले होते. मी त्यांना गाडीत बसवून देऊन सुटणार होते. पण त्या दिवशी नामांतराचा मोर्चा निघाला, झरीकडच्या गाड्या बंद, आणि आम्हाला बसस्थानकाच्या हॉटेलात बसून राहावं लागलं. गाडी वेळेवर आली असती तर मी आजही गप्पच असते. माझ्या हिमतीचं श्रेय मोर्चाला दे.

मी वहीत काढून दाखवावं तसं टेबलावर बोटानं काढून दाखवलं. एक्स, वाय, तुझं, माझं, दर महिन्याचं खोटं बसणं, सगळं. ते मास्तर आहेत, त्यांना लवकर कळलं. बिस्कीट चहात बुडवलं होतं ते तिथंच विरघळून गेलं.

''म्हणजे लेकरू होणार न्हाई.''

''नाही.''

''कधीच?''

''कधीच नाही.''

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, ''दवाखान्यातलं जे असंल ते करू. मला तू पसंत हायस. दहा वर्षांनी एखादं लेकरू मांडीवर घेता येतं. लग्न मोडायचं न्हाई.''

मावशी, मला त्या हॉटेलात, माशा घोंगावणाऱ्या त्या टेबलावर, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी सगळं ऐकूनही मला पसंत म्हणालं होतं. मी हसले. हुरडा उघडून तिथंच खायला लागले.

मग ते म्हणाले, ''फक्त माझ्या मायला कळता कामा नये. ती जुन्या वळणाची हाय. बोरीला चालवलंस तसं झरीला बी चालव. चार दिवस बाजूला बसायचं, कुणाला काय कळायलंय? आन् ती तुझी येलदरीची मावशी. तिला लग्नाला बोलावू नका. तिला बघून आत्याला शंका आलीच हाय. लग्नानंतर बी तिचं येणं-जाणं नको.''

मी हो म्हणाले.

विचार करून सांगते, असंही म्हणाले नाही. लगेच हो. साखरपुड्यात करंडा घेतला तेव्हा निदान काचेवरचं मला माहीत नव्हतं. आता सगळं माहीत होतं. तू आणि मी काय आहोत हे मीच त्यांना टेबलावर काढून दाखवलं होतं. आणि तरी तुला सोडून द्यायला मला एक क्षणही लागला नाही.

ते वाईट नाहीत. वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांना मी हवी आहे आणि गावात मान खाली जायला नको आहे. मला तरी दुसरं काय हवंय? आईला सांगितलं तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. पत्रिका छापायला टाकल्यात.

तर हे पत्र तुला लग्नाला न बोलावण्यासाठी आहे. रागावू नको असं लिहिणार होते. रागाव. मला शिव्या दे. कार्डावर दे, शिपाई वाचू दे.

मनकर्णा


बोरी
८ फेब्रुवारी १९९०

मावशी,

काल तू होतीस तोवर मला एक शब्द बोलता आला नाही. तुला जे माहीत नाही ते आधी सांगते.

रथसप्तमीला झरीला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. लग्नाआधीची संक्रांत, म्हणून हलव्याचे दागिने घालून मी गेले. आई सोबत होती. बायका जमल्या होत्या. बन्सीधरच्या आई, कमलबाई, मला हाताला धरून घर दाखवायला आत घेऊन गेल्या. देवघर, स्वयंपाकघर, आमची खोली. मग मागच्या पडवीत नेलं. तिथं एक कोपरा ताज्या चुन्यानं रंगवला होता. खाली गवताची पेंढी पसरून त्यावर नवी गोधडी घातली होती, बाजूला छोटी शेगडी.

''ह्यो तुझा कोपरा,'' त्या म्हणाल्या. ''बाजूला बसायच्या दिवसांत इथं बस. मी सून होऊन आले तवा मला गोठ्यात बसवायचे, थंडीत लय हाल व्हायचे. तवाच ठरवलं होतं, माझ्या सुनंला गार लागू देणार न्हाई. गोधडी मी शिवलीय. तुझी तारीख तेवढी सांगून ठेव पोरी, म्हंजे लग्नात अडचण नको, आन् पुढं बी त्या दिवशी सकाळीच शेगडी पेटवून ठीवत जाईन.''

मावशी, आईनं थोबाडीत मारली तेव्हा मला असं झालं नव्हतं. ती बाई माझ्यासाठी थंडीत शेगडी पेटवणार होती. दर महिन्याला, ती म्हातारी होईपर्यंत. आणि मी त्या गोधडीवर बसून तिला फसवणार होते. बन्सीधरच्या अटी मला गिळता आल्या होत्या. ही गोधडी गिळता येईना.

''मला तारीख नसते,'' मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मी परत म्हणाले. मग सगळं सांगितलं, एक्स-वाय न सांगता, साध्या शब्दांत. मला कधीच आलं नाही, येणार नाही, मूल होणार नाही, आमच्या मावशीचं जे तेच माझं. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं माझा हात धरून मला मागं ओढलं. माझ्या हातातला हलव्याचा गजरा तुटून पडवीभर दाणे झाले.

कमलबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्या कोपऱ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, ''मग इतकी वर्सं तुला बसवलं कामून गं पोरी?''

मी वाकून हलव्याचे दाणे गोळा करायला लागले.

लग्न मोडलं. बन्सीधर आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. ''मी म्हणलं होतं ना सांगू नको,'' असं म्हणाले आणि तिथूनच मागं फिरले. मला त्यांचं वाईट वाटलं, अजून वाटतं. आत्याबाई आमच्याच गाडीत होत्या, पुढच्या बाकावर. त्यामुळे बोरीला आम्ही पोचलो त्याच वेळी बातमी पोचली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तुला ठाऊक आहे, तसे तू स्वतः भोगलेत. बायका विचारपूस करायला यायच्या आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघायच्या. आई भिंतीकडं तोंड करून पडलेली. आबा शेतातून अंधार पडल्यावर यायचे. परवा विहिरीवर मी घागर उचलली तर म्हणाले, ''राहू दे, मी शेंदतो,'' आणि मग काय आठवलं कोण जाणे, दोर सोडून तसेच निघून गेले.

आणि काल तू आलीस. जिंतूरच्या बसस्थानकावर तुझ्या कानावर आलं म्हणालीस. मला वाटलं, तू मागच्या दारानं येशील. तू पुढून आलीस, ओसरीवर भरलेल्या बायकांच्या मधोमध मांडी घालून बसलीस, आणि आईला हाक मारलीस, ''नर्मदे, चहा टाक, लय लांबून आलेय.'' आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठली ती तुझ्या त्या आवाजानं.

शेजारच्या दगडाबाईनं तोंडाला पदर लावून विचारलं, ''चांगुणाबाई, पर ही पोरगी नेमकी हाय तरी कशी?''

तू बशीतला चहा फुंकलास, प्यायलास. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, ''कशी म्हंजे? नाक बगा, बोलणं बगा, हट्ट बगा. आन् न्हाण न्हाई आलं, ते बी बगा. माझ्यावर गेलीय पोरगी. साऱ्या घरात माझ्यावर गेलेली ही एकच हाय.''

एकेक बाई काम आठवल्यासारखं करून उठली.

मावशी, आता जे लिहायचं त्यासाठीच हे पत्र. तू ते बोललीस तेव्हा, त्या क्षणीसुद्धा, मला लाज वाटली. तुझ्यावर गेलेली म्हणवून घ्यायची. मी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. तू निघालीस तेव्हा फाट्यापर्यंत पोचवायला यायला हवं होतं. चपला पायात घातल्या होत्या. पण पारावर माणसं बसली होती, आणि तुझ्या शेजारून सगळ्या गावातून चालत जायचं, लोक दोघींना एकत्र बघणार. मी चपला परत काढल्या. तू एकटी गेलीस. मागं वळून बघितलं नाहीस, मी येणार नाही हे तुला ठाऊक असल्यासारखं.

रात्रभर तुझी पाठ दिसत होती.

उद्या सकाळी गावाची दुधाची गडबड असते, पारावर सगळे असतात, तेव्हा मी येलदरीला निघतेय. हे पत्र माझ्याच हातानं तुला देईन, पोस्टात टाकत नाही. समोर उभी राहून हे मला बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवलंय. तू वाच, मी तोवर तुझ्या डब्यांच्या भाकरी थापते. मग दोघी परभणीला जाऊ. मॅडम वाट बघतायत. तिथं कुणी विचारलं ही तुमची कोण, तर या वेळी उत्तर मी देईन.

तुझ्यावर गेलेली,
मनकर्णा